खोडलेला पहिला आकडा

बारा मार्चला पुण्याहून एक खोका आला. आत तीन ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलच्या तालावर चालणारी छोटी सर्किटं, आणि एक चिठ्ठी होती : ‘सुरू होत नाहीत. तपासून कळवावे.’ शलाका भोईरने चहाचा कप बाजूला ठेवला, हात पुसले, तिन्ही नगांतले क्रिस्टल सोडवले आणि एकेक करून टेस्टरच्या खाचेत बसवले. तिन्ही पहिल्या झटक्यात सुरू झाले. परत जोडले, तरी चालले.

“सर, हे तर चालतात,” ती काचेच्या केबिनकडे तोंड करून म्हणाली.

“चालतात ना? मग तसंच लिही,” आतून श्यामकांत दातार म्हणाले. “आणि खाली लिही, तुमची बॅटरी तपासा.”

तिने तसं लिहिलं आणि खोका परत पाठवला.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला हा गाळा दातारांचा. मालक ते, इंजिनिअर ते आणि कुलूप लावणारेही तेच. कामाला सात बायका. त्यांतली शलाका सगळ्यांत जुनी, सव्वीस वर्षांची नोकरी झालेली. बुवापाड्यातून निघायचं, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला यायचं आणि नऊला पाच मिनिटं असताना टेबलापाशी बसायचं. तिचा नवरा बदलापूरला केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. त्याला आपल्या बायकोचं काम नीटसं सांगता येत नसे. “ती दगड निवडते,” असं तो लोकांना सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

क्रिस्टल म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची पातळ चकती. पत्र्याच्या नखाएवढ्या डबीत ती बंद असते, डबीला दोन पाय असतात. वीज दिली की चकती थरथरते, सेकंदाला ठरावीक लाखो वेळा, आणि त्या थरथरीवर सर्किट आपला ताल धरतं. पण चकत्या सगळ्या सारख्या नसतात. एखादी थंडीत बरोबर चालते आणि उन्हात वाहवत जाते. एखादी दोन्हीकडे बरी असते, पण मध्येच कुठेतरी अडखळते. माल बाहेरून शेकड्याने यायचा. त्यातला टिकाऊ कोणता आणि फसवा कोणता हे ठरवणं हेच गाळ्यातलं खरं काम होतं, आणि ते शलाकाचं होतं. बर्फाच्या डब्यात एक आकडा, टेबलावर एक, ओव्हनमध्ये एक. तीन आकडे बघून ती चौथा कुठे पडेल ते सांगायची. दहावीनंतर वायरी सोलायला आलेली मुलगी. दातारांनी एकदा सहज तिच्यापुढे ट्रे सरकवून “यातले दहा चांगले काढ” म्हटलं होतं. तिने आठच काढले आणि “दोन नाहीत यात,” असं सांगितलं. खरोखरच नव्हते. तेव्हापासून पाहुणे आले की दातार तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “दूध वेगळं, पाणी वेगळं. हे आमच्या शलाकाने करावं.”

दुसरी ख्याती तिच्या रजिस्टरची. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने एक अख्खा लॉट नाकारला होता, आकड्यांवर आकडे गिरवले आहेत एवढ्याच कारणावरून. त्या दिवसापासून दातारांचा नियम असा, की मोजताना पेन्सिलीने लिहायचं आणि पक्का आकडा ठरला की पेन्सिल खोडून शाईने. खाडाखोड दिसता कामा नये. शलाकाचं अक्षर मुळात सुरेख. तिची पानं छापल्यासारखी दिसत.

चार वर्षांपूर्वी जुना टेस्टर जळाला. नवा उल्हासनगरहून आणला, दोन नंबर कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून, वापरलेला पण दणकट. व्यापाऱ्याने तो चालू करून दाखवला आणि हसत म्हणाला, “मॅडम, बहुत जोर है इसमें. मुर्दे को भी उठा देगा.” दातारही हसले, शलाकाही हसली. व्यापाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं.

या टेस्टरवर एक गोष्ट तिच्या लक्षात आली. शंभरातले पंधरा-वीस क्रिस्टल पहिल्यांदा बसवले की गप्प राहत. ती पेन्सिलीने फुली मारायची. पण काढून पुन्हा बसवले, की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला ते सुरू होत, आणि मग त्यांचा आकडा इतका देखणा यायचा की टाकवत नसे. पायाला मळ असेल, खाचेत नीट टेकला नसेल, असं तिने मनाशी ठरवलं. विचारलं कुणाला नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. फुली खोडायची, आकडा शाईने लिहायचा. बाद होणारा माल निम्म्याने कमी झाला. त्या दिवाळीला दातारांनी तिला साडी दिली.

पुण्याच्या कंपनीची ऑर्डर गेल्या वर्षीची. मासेमारीच्या बोटींसाठी संकटाचा इशारा देणारं यंत्र, त्याला ते बीकन म्हणत. बोट बुडायला लागली की दोरी ओढायची. आतलं सील तुटतं, बॅटरी जागी होते आणि यंत्र आभाळाकडे हाक घालू लागतं. एकदा ओढलं की संपलं, म्हणून गंमत म्हणून कुणी ओढून बघत नाही. दोन दोन वर्षं ते नुसतं केबिनमध्ये टांगलेलं असतं. अशी दोनशे चाळीस यंत्रं कोकणातल्या बंदरांवर वाटली गेली होती आणि त्या प्रत्येकात शलाकाने निवडलेला एक क्रिस्टल होता.

एप्रिलात पुण्याहून आणखी पाच नग आले. ते पाचही टेस्टरवर चालले. मग सव्वीस एप्रिलला अनुया नावाची त्यांची इंजिनिअर स्वतःच आली. तिशीची असेल. तिने पिशवीतून नारिंगी रंगाचा एक बीकन काढून टेबलावर ठेवला.

“याला कुणी हात लावू नका,” ती म्हणाली. “गोदामात सात महिने पडून होता. शलाकाताई, तुम्हीच दोरी ओढा.”

शलाकाने ओढली. काही झालं नाही. जो दिवा लुकलुकायचा तो काळाच राहिला.

“आता आतला क्रिस्टल तुमच्या टेस्टरला लावा.”

लावला. आकडा लगेच उमटला, नऊ घरांपर्यंत स्थिर. तोच क्रिस्टल अनुयाने परत बीकनमध्ये जोडला. दिवा लुकलुकायला लागला.

“बघितलंत?” अनुया म्हणाली. “याला आम्ही झोपलेला क्रिस्टल म्हणतो. डबी बंद करताना आत धुळीचा कण राहिला, कसलातरी लेप राहिला, की चकती जखडते. बीकनची वीज नाजूक असते, तिने ती हलत नाही. तुमचा टेस्टर दांडगा, तो हिसका देऊन उठवतो. मग महिना, चार महिने ती उत्तम चालते. पडून राहिली की पुन्हा झोपते.”

“म्हणजे आम्ही तपासून चांगला ठरवला, तर तो तपासल्यामुळे चांगला झालेला असतो?” दातारांनी विचारलं.

“काही बाबतीत, हो. म्हणून पहिली खेपच खरी. पहिल्या खेपेला जो गप्प राहिला तो कायमचा बाद. तुम्ही गप्प राहिलेला क्रिस्टल पुन्हा लावून बघत नाही ना?”

शलाकाला आपल्या खोडलेल्या फुल्या आठवल्या. ती तोंड उघडणार तेवढ्यात दातार म्हणाले, “छे हो. आमच्याकडे एका ओळीत एकच आकडा. शलाका, रजिस्टर दाखव त्यांना.”

तिने रजिस्टर दिलं. अनुयाने पानं उलटली, मग सावकाश उलटली.

“इतकं स्वच्छ रजिस्टर मी कुठे बघितलं नाही,” ती म्हणाली. “आमच्या शौनकला दाखवायला हवं. मग आमच्याकडेच घोळ असणार. सोल्डरिंग तोच बघतो. मी त्याचीच उलटतपासणी घेते.”

अनुया चारच्या सुमाराला गेली. दातार खुशीत होते. शलाका जागेवर बसून राहिली. पुण्यातला कोण कुठला शौनक. तो आता काय ऐकून घेणार होता ते तिला कळत होतं, आणि ती गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी रजिस्टरं खिडकीपाशी नेली. पान तिरकं धरलं की खोडलेल्या पेन्सिलीचा वण दिसतो. सकाळी नऊ ते साडेदहा ऊन त्या खिडकीत तिरपं येतं, तेवढाच वेळ हाताशी. ती एकेक ओळ बघत गेली. कुठे फुलीची खूण स्पष्ट होती. कुठे वर शाईचा आठ किंवा शून्य आला होता आणि खाली काही असलं तरी कळत नव्हतं. आणि बहुतेक पानं तिने इतकी जपून खोडली होती, की कागद नुसता गुळगुळीत लागत होता. आपल्याच हाताचा तिला राग आला. सहा दिवसांत चौदा फुल्या सापडल्या. फुल्या मारल्या होत्या त्या निदान चाळीस असतील, साठही असतील.

घरी तिचं जेवण तुटलं. सासू रखमाबाई ऐंशीच्या घरातल्या, पण डोळा तिखट.

“काय गो शलाके, भात पुढ्यात घेऊन मोजतेस काय? शितं काय पळून जातायत?”

“भूक नाही, आई.”

“भूक नाय का झोप नाय? रात्रभर कूस पालटतेस. बाजूला मी झोपते, मला कळत नाय काय? खाट माझी पण हलते.”

शलाकाने मग सांगितलं. जमेल तसं, यंत्राचं, बोटींचं, फुल्यांचं. रखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ सुपारी चघळली.

“बी-बियाण्याचं असंच असतं,” त्या म्हणाल्या. “उगवण बघायला मूठभर भिजत घालतात. न उगवलेलं मोजायचं असतं. तू न उगवलेलं मोजलंसच नाय.”

“मला माहीत नव्हतं, आई.”

“तवा नव्हतं. आता आहे ना?” त्यांनी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं. “साहेबाला सांग. आणि उद्या जेवून जा, रिकाम्या पोटी असलं बोलता येत नाय.”

पाच मेला तिने दातारांना सांगितलं. केबिनचं दार लावून, उभ्याने. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“किती?”

“चौदा नक्की सापडल्या. बाकीच्या सांगता येत नाहीत.”

“चौदांचे बीकन नंबर आहेत?”

“आहेत.”

“मग झालं. ते चौदा आपण मागवून घेऊ. सांगू, वेष्टनात खोट आहे. बदलून देऊ.”

“आणि बाकीचे, सर? पुण्याहून जे बंद म्हणून आले त्यांतले तीनच माझ्या चौदांत आहेत. बाकी सगळे गुळगुळीत कागदाचे.”

बाहेर कामावरच्या मीनल आणि चैत्राली कशावरून तरी हसत होत्या. ट्रे सरकवल्याचा आवाज आला.

“शलाका, हे सगळं बाहेर आलं तर ही कंपनी आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाही. दुसरीही नाही. या धंद्यात चार गिऱ्हाइकं, चौघं एकमेकांना ओळखतात. माझं सोड, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. या बाहेरच्या सहाजणी कुठे जातील? तू कुठे जाशील? क्रिस्टल निवडता येतात म्हणून तुला कोण भाजी तोलायला तरी ठेवेल?”

“कुणी नाही ठेवणार.”

“मग?”

ती बाहेर येऊन टेबलाशी बसली. पुढचे नऊ दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले. चौदा बीकनचं पत्र दातारांनी तयारही केलं. ते पत्र शलाकाने टाइप केलं. मग तिने नंबरांची यादी जोडायला घेतली आणि यादी लिहिताना तिला दिसायला लागलं, की या यादीतल्या बोटींवरची माणसं सुटतील आणि बाकीच्या कुठल्या बोटींवरची सुटणार नाहीत ते ठरवणारी आपण आहोत. तेही आपण किती स्वच्छ खोडलं यावर. चौदा मेला दुपारी तिने कारखान्याच्या जिन्यात उभं राहून अनुयाला फोन लावला.

“मॅडम, शौनकची चूक नाही. मी पुन्हा लावून बघत होते. पहिली फुली खोडत होते.”

“किती दिवस?” अनुयाने विचारलं.

“टेस्टर आल्यापासून. तुमची सगळीच ऑर्डर त्यात आली.”

“आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हा मला कळलं होतं.”

“शौनकला मी घरी बसवलंय, शलाकाताई. अठरा दिवस झाले.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर शलाकाला बरं वाटलं असतं. “आता ऐका. एक जूनला मासेमारी बंद होते, एकतीस जुलैला बंदी उठते. तोवर बोटी किनाऱ्यावर आहेत. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस यंत्रं परत यायला हवीत. त्यानंतर बोटी दर्यात असतील.”

दातारांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मला सांगून फोन केला असतास तर?” आणि मग स्वतःच म्हणाले, “तर मी करू दिला नसता.”

ऑर्डर रद्द झाली. जूनअखेर मीनल गेली, मग चैत्राली, मग बाकीच्या. जाताना मीनल म्हणाली, “ताई, तुम्ही मोठ्या. पण एकदा आम्हालाही विचारायचं होतं. पोरीची फी मी कुठून भरू?” शलाकाने मान खाली घातली. मीनलने आपला डबा पिशवीत टाकला आणि ती निघून गेली.

बीकन परत येत राहिले. पोत्यांतून, थर्मोकोलच्या पेट्यांतून, काहींना सुक्या मासळीचा वास. आठवड्यातून दोनदा अनुया यायची आणि दोघी समोरासमोर बसून दोऱ्या ओढायच्या. दिवा लुकलुकला तर लुकलुकला. नाही तर नाही, आणि ते लगेच शाईने. दुसरी खेप नाही. पहिला बंद निघाला तेव्हा त्याच्या वेष्टनावर बोटीचं नाव आणि खाली पाच माणसांची नावं रंगाने लिहिलेली होती. शलाका उठून नळाशी गेली, तोंड धुऊन आली आणि पुढचा घेतला. अनुया तिच्याशी तुटक बोलायची, पण डबा आणला की अर्धी पोळी तिच्याकडे सरकवायची.

पंचवीस जुलैपर्यंत दोनशे तेहेतीस आले. त्यांतले एकवीस बंद निघाले. एकवीसपैकी तिच्या चौदांतले होते नऊ.

सात यायचे राहिले. अनुया पुण्याहून फोन करत होती, शलाका गाळ्यातून. ते सातही एकाच बंदरावरचे, आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीत राजू नावाचा कारकून होता. तो पहिल्यांदा वैतागला. “बाई, इथे जाळी भरायचीत, बर्फ भरायचाय, डिझेलची रांग आहे, आणि तुम्ही डब्याचं काय घेऊन बसलात?” मग तिने त्याला सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही. त्यानंतर तो स्वतःच फोन करू लागला. एक बीकन बोटमालकाच्या माळ्यावर मिळाला. एक विकलेल्या बोटीबरोबर दुसऱ्या बंदरावर गेला होता, तोही मिळाला. आणखी तीन राजूने धक्क्यावर फिरून गोळा केले. एकतीस तारखेला संध्याकाळी दोन उरले. दोन्ही बोटींचे खलाशी परगावचे, गावाहून थेट बोटीवर येणारे.

एक ऑगस्टला शलाका सातलाच गाळ्यात आली. दातार आधीच येऊन बसले होते. दोन ओव्हन विकले गेले होते, त्यांच्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिले होते. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. पावणेआठला राजूचा फोन आला.

“बाई, घोटाळा झाला. दोन्ही बोटी पहाटेच सुटल्या. मी धक्क्यावर पोचेपर्यंत शेपटी पण दिसली नाही.”

“फोन?”

“बोट चालवणाऱ्या तांडेलाचा फोन लागत नाही. रेंजच्या बाहेर असतील.”

“वायरलेस?”

“आहे ना. पण सगळे एकदम बोलतायत. पहिला दिवस, गाण्याच्या भेंड्या चालल्यात वायरलेसवर. काय सांगू त्यांना? परत या सांगू? बर्फ भरून निघालेली बोट परत नाही येणार, बाई. मला शिव्या घालतील.”

शलाकाने दातारांकडे बघितलं. दातार हळू आवाजात म्हणाले, “एकटं राहू नका म्हणावं. दुसऱ्या बोटीच्या नजरेत राहा.”

“राजूभाऊ, त्यांना सांगा जोडीने राहा. दुसऱ्या बोटीच्या नजरेबाहेर जाऊ नका. तो डबा धरू नका हिशेबात. तो आहे असं समजून कुठला धोका पत्करू नका.”

“हे सांगतो. हे ऐकतील.”

फोन चालूच राहिला. तिकडून खरखर, कुणाची तरी हाळी, राजूचा “ऐकू येतंय का रे?” असा आवाज. साडेनऊला तो परत बोलला.

“एक लागली. आपल्याच आळीच्या बोटीबरोबर जाळं टाकणार म्हणाला. विचारत होता, डबा फेकून देऊ काय?”

“फेकू नका म्हणावं. परत आणा. दुसरी?”

“दुसरी अजून उत्तर देत नाही. ती लांबवर जाणारी आहे. तिच्या पुढे कोण असेल त्याला निरोप ठेवलाय, तो पुढच्याला देईल.”

“किती माणसं आहेत तिच्यावर?”

“सात.”

शलाकाने वहीत काही लिहिलं नाही. दातार उठले, बाटलीतलं पाणी तिच्या पेल्यात ओतलं आणि पुन्हा बसले.

“बाई, ठेवू काय फोन? मला डिझेलच्या पावत्या फाडायच्यात. बाहेर लाईन लागलीय.”

“तुम्ही फाडा पावत्या. फोन बाजूला ठेवा, पण चालू ठेवा.”

“दिवसभर?”

“ती बोट बोलेपर्यंत.”

राजू काहीतरी पुटपुटला आणि त्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावत्या फाडण्याचा, नंबर पुकारण्याचा, आणि मधून मधून त्या वायरलेसची खरखर. दातारांनी आपली खुर्ची तिच्या बाजूला सरकवली. दोघं मान पुढे घालून ऐकत राहिले.